परळचा शेक

पेण-रोह्याकडच्या खेड्यापाड्यांत 'रेडिओथेरपी' हा शब्द सहसा कोणी उच्चारीत नाही. 'आईला परळला शेक द्यायला नेली आहे' असे सांगतात, किंवा 'पंचवीस दिवसांची लाईट द्यायची आहे' असे म्हणतात. हे दोन्ही शब्द वैद्यकाच्या पुस्तकातले नव्हेत. पण आम्हांला ते फार अर्थपूर्ण वाटतात. शेक म्हणजे घरचा उपाय. वीट तापवून फडक्यात गुंडाळावी आणि आखडलेल्या सांध्याला लावावी, बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवावी, तो शेक. शेकाने आराम पडतो. रोग समूळ जातो असा दावा शेकाबद्दल आमच्या आजीनेही कधी केला नव्हता. लाईटचे तसे नाही. लाईट म्हणजे उजेड, आणि उजेड काळोखात दडलेले शोधून काढतो. मूळ जागा सोडून शरीरभर पसरलेल्या कर्करोगावर किरणांचा उपयोग कसकसा होत गेला, हा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहू गेल्यास त्यात हेच दोन धागे आढळतात. एक आराम देणारा, दुसरा शोधून मारणारा. पहिला बहुतेकांच्या वाट्याला येणारा. दुसरा काही थोड्या, विरळा आढळणाऱ्या कर्करोगांपुरता.

या विषयाकडे आम्ही वळलो ते वैद्यकाच्या हौसेने नव्हे. धर्मगुरूच्या दारी माणसे शिफारसपत्र मागावयास येतात. एखाद्या ट्रस्टची मदत मिळावी, मुंबईत राहण्याची सोय व्हावी, यासाठी ते पत्र हवे असते. आणि येणारा नेहमी आपल्याच धर्मग्रामातला असतो असेही नाही. हातात रुग्णालयाची जाडजूड फाईल असते. त्या फाईलीत उपचाराचा हेतू इंग्रजीत एका शब्दात लिहिलेला असतो: रोग बरा करणे, की त्रास कमी करणे. तो एक शब्द घरातल्या कोणी वाचलेला नसतो, किंवा वाचून त्याचा अर्थ विचारलेला नसतो. जमिनीचा तुकडा मात्र विकून झालेला असतो. म्हणून हा इतिहास मराठीत, आपल्या माणसांसाठी, सांगण्याजोगा आहे असे आम्हांला वाटते.

आरंभ सर्वांच्या परिचयाचा आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. १८९६ साली बेकरेल यांनी युरेनियममधून आपोआप बाहेर पडणारे किरण ओळखले, आणि १८९८ च्या डिसेंबरात मारी व पिएर क्यूरी या दांपत्याने रेडियमची घोषणा केली. बेकरेल यांनी १९०१ साली रेडियमची एक लहानशी नळी जाकिटाच्या खिशात बाळगली होती. काही दिवसांनी त्या जागेची कातडी भाजल्यासारखी झाली. त्यातूनच विचार पुढे गेला की जे किरण निरोगी कातडी जाळू शकतात ते रोगट मांसही जाळू शकतील. क्ष-किरण तर शोधाला वर्ष पुरे होण्याआधीच कर्करोगाच्या गाठींवर सोडून पाहिले जाऊ लागले होते. किती वेळ द्यावेत, किती अंतरावरून द्यावेत, याचे कसलेही मोजमाप तेव्हा नव्हते. त्याची किंमत रुग्णांनी मोजली तशी उपचार करणाऱ्यांनीही मोजली. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात १९३६ साली एक स्मारकस्तंभ उभारला गेला. किरणांच्या कामात प्राण वेचलेल्या दीडशेहून अधिक डॉक्टरांची, शास्त्रज्ञांची आणि परिचारिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. स्वतः मारी क्यूरी १९३४ साली रक्त तयार होण्याची शक्ती नष्ट करणाऱ्या विकाराने गेल्या.

किरण नेमके करतात काय? पेशीच्या गाभ्यात तिच्या वाढीचा जो आराखडा असतो, त्याचे धागे किरणांनी तुटतात. निरोगी पेशी हे धागे बऱ्याच अंशी पुन्हा जोडून घेते. कर्कपेशीला ते तितके साधत नाही आणि विभाजनाच्या वेळी ती मरते. म्हणूनच शेक एकदम न देता थोडा थोडा, दिवसांमागून दिवस देण्याची पद्धत पडली. मधल्या वेळात निरोगी भागाने सावरावे हा हेतू. तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या गाठीत रेडियमच्या सुया खोवून ठेवीत. सुईभोवतालचे मांस जळे, पलीकडचे वाचे. या मार्गाने अनेक रुग्ण खरोखर बरे झाले, होत आहेत.

परंतु या उपायाची मर्यादाही येथेच आहे. किरण जेथे रोखावेत तेथेच काम करतात. कर्करोग एकदा रक्तावाटे किंवा लसिकेवाटे हाडांत, फुप्फुसांत, यकृतात जाऊन बसला की सगळ्या शरीरावर किरण सोडणे म्हणजे कीड लागली म्हणून शेताला आग लावण्यासारखे. त्यामुळे पसरलेल्या कर्करोगात किरणोपचाराकडे आराम देण्याचेच काम राहिले. दुखणाऱ्या हाडाला शेक द्यावा, श्वासनलिकेवर दाब आणणारी गाठ आटवावी, वाहणारी जखम सुकवावी. हे काम हलके मानले गेले. उगाच मानले गेले. पण त्याविषयी पुढे.

मुंबईत हा उपाय कसा आला? सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वेल्समधील एका शुश्रूषागृहात वारल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. श्रीमंतालाही ज्या उपचारासाठी सातासमुद्रापार जावे लागते तो येथे मिळावा, ही त्यामागची तळमळ. त्यांच्या विश्वस्तांनी परळला उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लमली यांच्या हस्ते खुले झाले. महायुद्धाचे दिवस, आणि त्यात हे. १९५७ साली रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेले व १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे. एखादे इस्पितळ अणुऊर्जा खात्याकडे का जावे, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर पुढे येणाऱ्या हकिकतीत आहे.

या रुग्णालयाच्या जडणघडणीत ज्यांनी आयुष्य वाहिले त्यांत डॉ. अर्नेस्ट बोर्जिस हे नाव आमच्या वाचकांनी विसरू नये. मूळचे गोव्याचे, शस्त्रवैद्य म्हणून कीर्ती पावलेले, गरिबांचे डॉक्टर म्हणून परळमध्ये ओळखले गेलेले हे गृहस्थ १९६९ साली निवर्तले. रुग्णालयासमोरील रस्त्याला त्यांचे नाव आहे, आणि वांद्र्याला बाहेरगावच्या रुग्णांसाठी जे निवासस्थान आहे तेही त्यांच्याच नावाचे. पेण-रोह्याहून जाणारी माणसे 'बोर्जिस होम' म्हणतात; तो कोण माणूस होता हे मात्र त्यांना ठाऊक नसते. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळाही अशीच. जिच्या ओसरीवर कोकणातल्या, खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या कितीतरी रुग्णांनी शेकाच्या दोन तारखांमधले दिवस काढले आहेत.

तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जात असे. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. परळ नकाशावर जवळ, पण मधे खाडी. धरमतरहून लाँचने मुंबईस जावे, नाहीतर पनवेलला वळसा घालून एस.टी.ने. रेल्वे रोह्यापर्यंत पोहोचली ती १९८६ साली. पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस शेक घ्यावयाचा म्हणजे रुग्णाने आणि निदान एका नातलगाने मुंबईत राहिलेच पाहिजे. भाताची लावणी किंवा कापणी त्याच दिवसांत आली तर शेत तसेच पडे. किरणोपचाराचा खर्च म्हणून जो लिहिला जातो त्यात ही पडीक खाचरे कधीच मोजली गेली नाहीत.

१९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी पदार्थाच्या यंत्राने उपचार सुरू झाले. कोबाल्टचे किरण कातडीला फारशी इजा न करता खोलवर पोहोचतात, त्यामुळे पोटातल्या, छातीतल्या गाठी आवाक्यात आल्या. आपल्या देशात असे यंत्र प्रथम १९५७ साली मद्रासच्या अड्यार येथील कर्करोग संस्थेत आले. कोबाल्टची शक्ती सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते. यंत्र जुने झाले की तोच शेक द्यावयास दुप्पट वेळ लागतो आणि बाहेरची रांग तेवढी लांबते. रांगेत बसलेल्याला याचे कारण कोणी सांगत नाही. तो बिचारा समजतो की आपला आजार वाढला म्हणून लाईट जास्त वेळ दिली.

आता तो दुसरा धागा. १९४३ साली न्यूयॉर्कच्या माँटफिओर रुग्णालयात डॉ. सॅम्युएल सायडलिन यांच्यापुढे एक चमत्कारिक रुग्ण होता. त्याची गळ्यातली थायरॉईड ग्रंथी, जिला मराठी वैद्यक-ग्रंथ अवटू ग्रंथी म्हणतात, अनेक वर्षांपूर्वी काढून टाकलेली. तरीही त्या ग्रंथीचा स्राव फाजील झाल्याची सगळी लक्षणे त्याच्या ठिकाणी दिसत होती. ग्रंथी नाही आणि स्राव आहे, तो येतो कोठून? तो येत होता थायरॉईडच्या कर्करोगाच्या पसरलेल्या गाठींतून. घर सोडून परमुलखात गेलेल्या त्या पेशी आपला मूळचा धंदा विसरल्या नव्हत्या. थायरॉईडचा धंदा म्हणजे रक्तातले आयोडीन वेचून घेणे. सायडलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीन दिले. ते रक्तावाटे शरीरभर फिरले आणि जेथे जेथे त्या भटक्या पेशी दडल्या होत्या तेथे तेथे त्यांनीच ते ओढून घेतले. गाठी आटल्या, लक्षणे ओसरली. १९४६ च्या डिसेंबरात हा वृत्तांत अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. येथे किरण रोखावे लागले नाहीत. त्यांनी आपली वाट आपण शोधली.

एवढे आयोडीन मिळावयाचे कोठून? आरंभी सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रातून चिमूटभर मिळे. युद्ध संपल्यावर १९४६ पासून अमेरिकेत ओक रिज येथील अणुभट्टीतून असे पदार्थ रुग्णालयांना पुरविले जाऊ लागले. ज्या उद्योगातून हिरोशिमा घडले त्याच उद्योगाची ही दुसरी बाजू आहे. दुसरीमुळे पहिलीचे पाप धुतले जाते असे आम्ही म्हणणार नाही.

आपल्याकडे ही गोष्ट तुर्भ्याला घडली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, १९६० साली सायरस आणि १९८५ साली ध्रुव. घारापुरीला लाँचने जाणाऱ्याला तुर्भ्याच्या डोंगराखालचा तो घुमट आजही दिसतो, आणि घारापुरी हे बेट आमच्याच जिल्ह्यातले. होमी भाभांच्या काळात, १९६३ साली, परळला टाटा रुग्णालयाच्या शेजारीच रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. तुर्भ्याला आयोडीन तयार व्हावे आणि परळला ते रुग्णाला पाजावे, अशी ही सांगड. आयोडीन-१३१ ची शक्ती आठ दिवसांत निम्मी होते, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही; परदेशातून यावयाचे तर वाटेतच त्याचा बराच भाग ओसरतो. खाडीच्या या टोकाला तयार झालेले औषध त्याच आठवड्यात त्या टोकाला वापरता येणे, ही सोय फार थोड्या देशांतल्या गरिबांना लाभली आहे.

हा उपचार कसा असतो ते जरा विस्ताराने सांगतो, कारण त्याविषयी फार भीती आहे. प्रथम शस्त्रक्रियेने थायरॉईड पूर्ण काढतात. ती राहिली तर सगळे आयोडीन तीच गिळून बसेल. मग पेशींना आयोडीनची भूक लागावी म्हणून थायरॉईडच्या गोळ्या काही आठवडे बंद ठेवतात किंवा त्यासाठीचे वेगळे इंजेक्शन देतात. आहारातले आयोडीनही एक-दोन आठवडे तोडावयाचे असते. आयोडीनयुक्त मीठ बंद, अंडी-दूध बंद, आणि समुद्राची मासळी बंद. पेणसारख्या मिठागरांच्या आणि मासळीच्या मुलखात ही अट औषधाहून जड वाटते! बोंबील नाही, जवळा नाही, सुकटाची चटणी नाही. घरच्यांना वाटते, आजाऱ्याच्या तोंडचा घास काढून डॉक्टरांनी काय साधले? साधले ते हेच, की उपाशी पेशी किरणोत्सर्गी आयोडीनवर तुटून पडतील. औषध म्हणजे घोटभर पाणी किंवा एक कॅप्सूल. ना चव, ना भाजणे. त्यानंतर मात्र रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत एकटे ठेवतात, कारण त्याच्या शरीरातूनच किरण बाहेर पडत असतात. त्याच्या लघवीवाटे आयोडीन जाते म्हणून तेथील सांडपाणीसुद्धा निराळ्या टाक्यांत मुरवून, शक्ती ओसरल्यावरच सोडतात. घरी आल्यावरही काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर स्त्रियांपासून दूर राहावे लागते. गावात याचा अर्थ 'रोग लागतो' असा केला जातो आणि माणूस कायमचा वेगळा पडतो. तसे मुळीच नाही. दिवस ठरलेले असतात. ते सरले की सरले.

फळ काय? थायरॉईडचा कर्करोग फुप्फुसांत पसरलेला असताना, रुग्ण तरुण असेल, गाठी बारीक असतील आणि त्या आयोडीन ओढून घेत असतील, तर अशी माणसे पुढे दशकेच्या दशके जगतात. काहींच्या फुप्फुसांतून रोगाची खूणही पुसली जाते. पसरलेल्या कर्करोगाविषयी असे वाक्य फारसे लिहिता येत नाही. पण प्रत्येक थायरॉईडच्या कर्करोगाला हे लागू नाही. काही प्रकार आयोडीन घेतच नाहीत. आणि हाडांत पसरलेल्या मोठ्या गाठी, वयस्क रुग्ण, यांच्या बाबतीत यश बेताचेच असते. शेजारच्या गावातली अमकी बाई बरी झाली, मग आमचा माणूस का नाही, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. रोगाचे नाव एक असले तरी पेशींची सवय एक नसते.

आयोडीनच्या या धड्यावरून शास्त्रज्ञ पुढे निघाले. जर थायरॉईडच्या पेशीला आयोडीनची ओढ आहे, तर इतर विरळ्या कर्करोगांना कशाची आहे? मूत्रपिंडाच्या माथ्यावरील ग्रंथींत आणि तत्सम मज्जापेशींत उद्भवणारे काही दुर्मीळ कर्करोग एक विशिष्ट रसायन शोषून घेतात, असे १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आढळले. त्या रसायनाला आयोडीन-१३१ जोडून औषध बनले. ते तुर्भ्याच्या केंद्राकडूनही आपल्या रुग्णालयांना मिळू लागले. त्यानंतर न्यूरोएंडोक्राइन गाठींची पाळी आली. हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले ते मार्च २०१८ मध्ये, नट इरफान खान यांनी आपल्याला हा आजार झाल्याचे जाहीर केले तेव्हा. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आतडी, स्वादुपिंड, फुप्फुस अशा ठिकाणी उगवणाऱ्या या गाठी बहुधा सावकाश वाढतात आणि कळतात तेव्हा यकृतात पसरलेल्या असतात. त्यांच्या पेशींच्या अंगावर एक प्रकारचे कुलूप असते. त्या कुलपाची किल्ली प्रयोगशाळेत तयार करून तिला ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सर्गी पदार्थ बांधावयाचा आणि शिरेतून सोडावयाचा. किल्ली कुलपात बसते आणि ल्युटेशियम तेथल्या तेथे, एक-दोन मिलिमीटरच्या टापूत, किरणांचा मारा करते. आधी त्याच किल्लीला दुसरा सौम्य पदार्थ बांधून छायाचित्र घेतात. गाठी उजळल्या तरच उपचार. कुलूपच नसेल तर किल्ली फिरवून काय उपयोग?

युरोप-अमेरिकेत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आतड्याच्या अशा गाठींचे २२९ रुग्ण होते. वीस महिन्यांनी रोग न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या औषधाचीच वाढीव मात्रा घेणाऱ्या गटात ११ टक्क्यांच्या आसपास होते. ल्युटेशियम घेणाऱ्यांत ते ६५ टक्के भरले. मात्र २०२१ साली त्याच चाचणीचा शेवटचा हिशोब आला, तेव्हा एकूण आयुष्य अठ्ठेचाळीस महिने विरुद्ध छत्तीस महिने असे भरले, आणि हा फरक योगायोगाचा नसेलच अशी खात्री संख्याशास्त्राला देता आली नाही. पहिल्या गटातल्या अनेकांना पुढे ल्युटेशियम मिळाले होते, हेही त्याचे एक कारण. थोडक्यात, रोग बराच काळ रोखला जातो. बरा होतो असे म्हणता येत नाही. परदेशात या औषधाची किंमत डोळे पांढरे करणारी आहे. परळला वापरले जाणारे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते, म्हणून ते सामान्य माणसाच्या थोडेफार आवाक्यात आले.

पण हे सगळे विरळ्यांचे झाले. पेण-रोह्याच्या ज्या घरांत आम्ही जातो तेथे बहुधा स्तनाचा, फुप्फुसाचा, पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग हाडांत उतरलेला असतो, आणि मांडीच्या किंवा कमरेच्या हाडातली ती कळ माणसाला रात्रभर झोपू देत नाही. येथे शेकच कामाचा. आणि या साध्या शेकाच्या इतिहासात १९९९ साली एक अशी गोष्ट घडली, जी आमच्या मते ल्युटेशियमहून अधिक माणसांच्या उपयोगाची आहे. इंग्लंड व न्यूझीलंड येथील ७६५ रुग्णांवर आणि हॉलंडमधील ११७१ रुग्णांवर झालेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष त्या वर्षी छापले गेले. निम्म्यांना शेक अनेक दिवसांत वाटून दिला, निम्म्यांना ८ ग्रे इतका एकाच दिवशी. वेदना दोन्हींकडे सारखीच कमी झाली. एका दिवसाचा शेक घेतलेल्यांना पुढे तो पुन्हा द्यावा लागण्याचे प्रमाण जास्त होते, हे खरे. पण आराम तोच. दहांतील सुमारे सहा जणांना तो मिळतो, एक ते चार आठवड्यांत. पहिले एक-दोन दिवस कळ थोडी वाढूही शकते. २००५ साली अमेरिकेतील चाचणीनेही तेच दाखवले. लंडनच्या रुग्णाला दहा दिवसांऐवजी एक दिवस म्हणजे थोडी सोय. रोह्याच्या रुग्णाला त्याचा अर्थ निराळा. धर्मशाळेत खाट नको, सोबतीच्या माणसाचा दोन आठवड्यांचा रोज बुडणे नको, आणि ज्याच्या हाती मोजकेच दिवस उरले आहेत त्याचे ते दिवस रुग्णालयाच्या जिन्यात सरणे नको. मात्र हा एका दिवसाचा शेक सर्वांना चालत नाही. हाड मोडण्याच्या बेतात असेल, पूर्वी तेथे शेक दिलेला असेल, तर निर्णय निराळा असतो; तो डॉक्टरांनीच करावयाचा. पण 'एका दिवसात होईल का?' असे विचारण्याचा हक्क घरच्यांना आहे, आणि आम्ही तो विचारण्यास सांगतो.

एक गोष्ट मात्र आराम म्हणून थांबवून ठेवण्याजोगी नाही. कर्करोग पाठीच्या कण्यात उतरून मज्जारज्जूवर दाब आणू लागला की पाय जड होतात, चालताना तोल जातो, लघवी अडते. रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत असताना शेक किंवा शस्त्रक्रिया झाली तर तो बहुधा चालता राहतो. पाय गेल्यावर दिवस उलटले तर ते बहुधा परत येत नाहीत. येथे हिशोब तासांचा असतो. गावाकडे अशा माणसाला आधी चोळण्यासाठी तेल मिळते, मग मंतरलेला दोरा, मग रविवारी येणारा पाहुणा 'बघू या' म्हणतो. याबाबत मात्र आम्ही आवाज चढवून बोलतो.

वेदना ही नुसती हाडांची नसते, हे परळच्याच एका शस्त्रवैद्याने ओळखले. डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ साली वांद्र्याच्या माउंट मेरी टेकडीवर शांती अवेदना सदन सुरू झाले. देशातले असे पहिले. होली क्रॉस संघाच्या भगिनी तेथे सेवा करतात, शुल्क घेत नाहीत. उपचार संपल्यावर काय, या प्रश्नाला तोवर आपल्या देशात जागाच नव्हती. मॉर्फिन मिळणेसुद्धा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे अतिशय दुरापास्त झाले होते. तो कायदा सैल व्हावयास २०१४ साल उजाडले.

अलीकडे तिसरी एक वाट निघाली आहे. १९९५ साली अमेरिकेतील हेलमन व वाइक्सेलबाउम या दोघांनी असे मांडले की पसरलेला कर्करोग नेहमीच सर्वत्र पसरलेला नसतो. काहींत तो चार-दोन ठिकाणीच जाऊन थबकतो. अशा मोजक्या गाठींवर अचूक नेम धरून मोठ्या मात्रेचे किरण सोडले तर? २०१९ साली ९९ रुग्णांवरील चाचणीत नेहमीच्या उपचाराने निम्मे रुग्ण अठ्ठावीस महिने जगले, तर अशा नेमक्या शेकाने एक्केचाळीस महिने. पण हा शेक घेतलेल्या ६६ जणांपैकी तिघांचे मृत्यू उपचारामुळे ओढवले. वर्तमानपत्री जाहिरातींत पहिले दोन आकडे येतात, तिसरा येत नाही.

परळचा शेक आता सर्वस्वी परळचा राहिलेला नाही. टाटा संस्थेचे संशोधन केंद्र २००२ साली खारघरला आले, आणि खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले भाभाट्रॉन हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र पहिल्याने येथेच बसवले गेले. पुढे तसे एक यंत्र भारताने व्हिएतनामला भेट दिले. २०२३ च्या मे महिन्यात प्रोटॉन किरणांचे केंद्रही खारघरला राष्ट्राला अर्पण झाले, तरी पसरलेल्या कर्करोगाशी त्याचा संबंध थोडाच. पेणहून खारघर पन्नास किलोमीटरच्या आत आहे. रोह्याहून दिव्याला जाणाऱ्या गाडीने पनवेलला उतरावे, लोकल धरावी. आणि ज्यांना आयोडीनसाठी, ल्युटेशियमसाठी परळलाच जावे लागते त्यांच्यासाठी जानेवारी २०२४ पासून शिवडीला जोडणारा अटल सेतू खुला आहे. धरमतरच्या लाँचची वाट पाहिलेल्या पिढीतले थोडे लोक अजून हयात आहेत.

शिफारसपत्र मागावयास कोणी आले की आम्ही हल्ली पत्रासोबत एका चिठ्ठीवर मराठीत तीन प्रश्न लिहून देतो, डॉक्टरांना विचारण्यासाठी. हा शेक बरे करण्यासाठी आहे की आरामासाठी? आरामासाठी असल्यास तो एका दिवसात देता येईल का? आणि या रोगाच्या पेशी आयोडीन किंवा ल्युटेशियम ओढून घेणाऱ्यांपैकी आहेत का, हे पाहिले आहे का? पहिल्या प्रश्नाशी बरेच जण अडखळतात आणि चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवतात. काही जण बाहेर व्हरांड्यात थांबून ती पुन्हा उघडून वाचतात, आणि मग स्टँडकडे चालू लागतात.